खासदाराने कुणाच्या बाजूने मत दिलं, हे नक्की कुठे लिहून ठेवलेलं असतं?

दुपारचा_वाचक

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक चित्र फिरतंय. आमच्या खासदारांचा फोटो आणि खाली लाल अक्षरात: "डिसेंबर २०२३, नव्या फौजदारी कायद्यांच्या बाजूने मतदान करणारे हेच ते!" परवा दुसऱ्या ग्रुपवर तोच फोटो आला, या वेळी हिरव्या अक्षरात: "जनविरोधी कायद्यांविरुद्ध संसदेत ठाम मतदान." दोन्ही पाठवणारे एकाच जिन्यात राहतात.

म्हटलं, यात वाद कसला, संसदेच्या संकेतस्थळावर बघू आणि विषय मिटवू. दोन रात्री गेल्या. हजेरी सापडली, किती प्रश्न विचारले ते सापडलं, भाषणं सापडली. मत काही सापडेना. मी चुकीच्या जागी शोधतोय का?

(मी महाराष्ट्राबाहेर राहतो. खासदार कोण, पक्ष कोणता हे ओळखायचा खेळ नको, नाहीतर धागा तिसऱ्या प्रतिसादात वाहून जाईल.)

---

चिंचोका

तिसऱ्या प्रतिसादापर्यंत थांबायचं कशाला? :)

---

जुना_बातमीदार

सापडणार नाही, कारण ते अस्तित्वातच नाही. तीनही फौजदारी विधेयकं लोकसभेत २० डिसेंबर २०२३ ला आणि राज्यसभेत २१ डिसेंबरला मंजूर झाली, दोन्हीकडे आवाजी मतदानाने. आवाजी मतदानात कोण काय ओरडलं हे कुणी लिहून घेत नाही.

लोकांना वाटतं की प्रत्येक खासदाराच्या पुढ्यात बटण असतं, विधेयक आलं की तो ते दाबतो आणि आपण नंतर यादी बघायची. बटण असतं, पण ते क्वचित दाबलं जातं. नेहमीची रीत अशी: पीठासीन अधिकारी प्रस्ताव मताला टाकतात, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे", मग "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे", दोन्ही आवाज ऐकतात आणि "होयचे बहुमत आहे" असं दोनदा म्हणून मोकळे होतात. या वाक्यांना इतकी लय असते की पत्रकार कक्षात बसून बसून आम्ही ती झोपेतही म्हणू शकायचो.

एखाद्या सदस्याने त्या निर्णयाला जागच्या जागी हरकत घेतली आणि मतविभाजन मागितलं, तरच पुढचं होतं. घंटा वाजते, लोकसभेत साडेतीन मिनिटं, मग दारं बंद, मग मतदान. त्या मतदानाची नावानिशी यादी कामकाजाच्या वृत्तांतात छापली जाते. घटनादुरुस्ती असेल तर मात्र मतविभाजन टळत नाही, कारण तिथे विशेष बहुमत मोजून दाखवावं लागतं.

आता यातली ग्यानबाची मेख. लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये एक पळवाट आहे. मतविभाजनाची मागणी विनाकारण होतेय असं अध्यक्षांना वाटलं, तर ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना नुसतं उभं राहायला सांगून डोकी मोजू शकतात. अशा वेळी नावं नोंदवायची नाहीत, असं नियमातच लिहिलंय.

---

दुपारचा_वाचक

म्हणजे लाल आणि हिरवं, दोन्ही चित्रं थापा?

---

जुना_बातमीदार

"मतदान केलं" हा शब्द जिथे जिथे आहे तिथे थापच. भाषण केलं असेल, सभात्याग केला असेल, बाहेर फलक धरून उभे राहिले असतील. ते वेगळं आणि ते शोधता येतं.

शिवाय त्या अधिवेशनाची आणखी एक गोष्ट बघा. संसदेच्या सुरक्षेत घुसखोरी झाली, त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून गोंधळ झाला आणि दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ खासदार निलंबित झाले. २० तारखेला ती विधेयकं मंजूर होत होती तेव्हा लोकसभेतले ९० हून जास्त विरोधी खासदार आत पाऊलच टाकू शकत नव्हते. तुमचे खासदार त्या यादीत होते का, हे आधी बघा.

---

वकीलसाहेब_नव्हे

यादी सापडली असती तरी काय कळलं असतं? मला हा सगळा खटाटोपच फोल वाटतो. आपल्याकडे मत खासदाराचं नसतं, प्रतोदाचं (पक्षाचा आदेश काढणाऱ्याचं) असतं.

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं. पक्षाने व्हिप (मत कसं द्यायचं याचा आदेश) काढला आणि तुम्ही त्याविरुद्ध मत दिलं, किंवा नुसते तटस्थ राहिलात, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्वावर गदा. मूळ कायद्यात एक तृतीयांश आमदार-खासदार फुटले तर सूट होती, ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने गेली. उद्देश आयाराम-गयाराम थांबवण्याचा होता. ते किती थांबले हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको. पण एखाद्या साध्या विधेयकावर "मला हे पटत नाही" म्हणणारा खासदार मात्र पुरता थांबला.

दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं की अपात्रतेची भीती विश्वासदर्शक, अविश्वास, अर्थविधेयक अशा सरकारच्या जिवावरच्या मतदानापुरतीच ठेवा, बाकी वेळी सदस्याला मोकळं सोडा. मनीष तिवारींनी याच धर्तीवर खासगी विधेयक आणलं होतं. पुढे काहीही झालं नाही. व्हिप ज्यांच्या हातात असतो तेच तो सोडणार कसे?

त्यामुळे खासदाराची "मतदान नोंद" म्हणजे पक्षाच्या नोंदीची झेरॉक्स.

---

सातासमुद्रापार

इथे अमेरिकेत उलटं आहे. माझ्या प्रतिनिधीने काय मत दिलं ते त्याच दिवशी ऑनलाइन दिसतं. प्रतिनिधीगृहात १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक मतदान आहे आणि पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कुणाचं पद जात नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी लष्करी कारवाईच्या अधिकाराचा ठराव आला तेव्हा ४२० विरुद्ध १ असा निकाल लागला. त्या एकट्या होत्या बार्बरा ली. त्यांच्याही आधी जनेट रँकिन, १९४१ मध्ये जपानविरुद्धच्या युद्धाला ३८८ विरुद्ध १. आज त्या दोघींची नावं त्या एका मतासाठी घेतली जातात. आपल्याकडे असं एकटं मत नोंदलंच जाणार नसेल तर काय बोलणार!

---

चिंचोका

अमेरिकेत सगळं छानच असतं हो. पाऊस पण वेळेवर पडतो.

---

सातासमुद्रापार

नाही हो, तसं म्हणत नाहीये. इथे नोंद आहे म्हणूनच ती वाकवायची कलाही आहे. २००४ च्या निवडणुकीत जॉन केरींचं एक वाक्य त्यांना फार महागात पडलं: ८७ अब्ज डॉलरच्या निधीच्या बाजूने आपण मत दिलं होतं, नंतर विरोधात दिलं. वस्तुस्थिती अशी की ठरावाची दोन रूपं होती. एकात श्रीमंतांची करसवलत कमी करून पैसे उभे करायचे होते, त्याला त्यांचा होकार, दुसऱ्यात ते नव्हतं, त्याला नकार. पण "आधी हो, मग नाही" एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. त्यामुळे मत कोणत्या मसुद्यावर होतं हे न बघता यादी वाचू नये, एवढं मी इथे शिकलो.

---

सांजवात

वकीलसाहेब_नव्हे, तुमचं निम्मं पटलं. मत पक्षाचं असतं हे खरं, पण म्हणून यादी निरुपयोगी? पक्ष बाहेर काय बोलतो आणि आत काय करतो, हे तरी त्यातूनच कळतं ना.

नागरिकत्व दुरुस्ती विधेयक घ्या, डिसेंबर २०१९. लोकसभेत ३११ विरुद्ध ८० ने मंजूर झालं, शिवसेनेच्या खासदारांनी बाजूने मत दिलं. दोन दिवसांनी राज्यसभेत तेच विधेयक आलं तेव्हा सेनेने सभात्याग केला. मधल्या दोन दिवसांत विधेयकाचं एक अक्षर बदललं नव्हतं. मुंबईत काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबरचं सरकार नुकतंच आलं होतं. मतविभाजन झालं म्हणून हे कागदावर राहिलं, नाहीतर आज प्रत्येक जण आपल्या सोयीची आठवण सांगत बसला असता.

आणि एकट्या मताबद्दल म्हणाल तर आपल्याकडेही आहे. सप्टेंबर २०२३, महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती, लोकसभेत ४५४ विरुद्ध २. ते दोघे एमआयएमचे: असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळा वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप. मला स्वतःला विधेयक हवं होतं, पण अख्खं सभागृह एका बाजूला असताना चिठ्ठीवर "नाही" लिहिणं आणि ते नावानिशी छापून येणं, याला मी मान देते. त्यांचा मतदार त्यांना याचा जाब विचारू शकतो किंवा शाबासकी देऊ शकतो. आवाजी मतदानात दोन्ही शक्य नव्हतं.

---

वकीलसाहेब_नव्हे

जलील आणि ओवैसी पक्षाच्या भूमिकेप्रमाणेच वागले. दोन खासदारांच्या पक्षात दोन मतं. माझा मुद्दा पक्षाविरुद्ध जाणाऱ्यांचा आहे.

---

जुना_बातमीदार

तसेही आहेत, पण किंमत मोजून. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. नॅशनल कॉन्फरन्सचा आदेश सरकारच्या बाजूने होता, सैफुद्दीन सोझ विरोधात गेले आणि पक्षातून हाकलले गेले. पुढे लोकसभाच विसर्जित झाली. लोकांना त्या दिवसाचे गिरिधर गमांग आठवतात, ओडिशाचे मुख्यमंत्री होऊनही खासदारकी न सोडलेले. पण गमांग पक्षाबरोबर होते. पक्षाविरुद्ध गेले ते सोझ.

आता महाराष्ट्राकडे येतो, कारण तो माझ्या पोटापाण्याचा विषय होता. १२ नोव्हेंबर २०१४. फडणवीसांचं पहिलं सरकार, भाजपकडे स्वतःचं बहुमत नाही, राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केलेला, शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर. विश्वासदर्शक ठराव आला आणि अध्यक्षांनी तो आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं जाहीर केलं. सेना आणि काँग्रेस मतविभाजनासाठी ओरडत राहिले. मी वरच्या कक्षात होतो. खाली इतका गलका की होय कुठलं आणि नाही कुठलं, हे आम्हाला तरी कळलं नाही. संध्याकाळी बातमी लिहायला बसलो आणि लक्षात आलं की सगळ्यात महत्त्वाचा आकडाच माझ्याकडे नाही. राष्ट्रवादीचे आमदार त्या क्षणी "होय" म्हणाले की गप्प बसले? आजही कुणी पुराव्यानिशी सांगू शकणार नाही. महाराष्ट्राचं एक अख्खं सरकार ज्या मतदानावर उभं राहिलं त्याची नावानिशी यादी नाही!

उलट ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या ठरावाला शिरगणती झाली: १६४ विरुद्ध ९९. एकेक जण उभा राहून मोजला गेला. त्यानंतर कोर्टात जे काही झालं, म्हणजे व्हिप शिंदे गटाच्या गोगावलेंचा की ठाकरे गटाच्या प्रभूंचा, त्याला काही आधार राहिला तो यामुळे. घटनापीठाने ११ मे २०२३ ला सांगितलं की प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. अध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये दोन्हीकडच्या कुणालाच अपात्र केलं नाही ही पुढची गोष्ट, तिच्यात मी शिरत नाही.

---

कडूलिंब

मूळ प्रश्न "बाहेर एक, आत एक" हाच असेल तर २०२५ चं जनसुरक्षा विधेयक विसरू नका. बाहेर किती मोर्चे, किती निवेदनं! हरकती-सूचना १२ हजारांवर गेल्या. संयुक्त समितीत विरोधी पक्षांचे सदस्य होते, तरी भिन्नमतपत्रिका एकही नाही. १० जुलैला विधानसभेत आवाजी मतदान झालं, उघड विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी, एकट्याने. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांना जाग आली आणि सभात्याग झाला.

मी निकोलेंच्या पक्षाचा नाही. पण बाकीचे कुठे होते?

---

चिंचोका

सभागृहात होते. आवाज बसला असेल.

---

सांजवात

भिन्नमतपत्रिकेचा मुद्दा मोठा आहे आणि लोक तिकडे बघतच नाहीत. समितीत व्हिप नसतो. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवाल छापील असतो आणि ज्याला पटलं नाही तो आपलं म्हणणं मागे जोडू शकतो, स्वतःच्या शब्दांत आणि सहीनिशी. एखाद्या लोकप्रतिनिधीचं स्वतःचं मत हवं असेल तर मी सगळ्यात आधी तिथे जाते. वक्फच्या संयुक्त समितीचा अहवाल बघा, विरोधी खासदारांच्या पत्रिका जोडलेल्या आहेत. तुमच्या फौजदारी विधेयकांवरही गृह खात्याच्या स्थायी समितीचा अहवाल नोव्हेंबर २०२३ चा आहे, त्यालाही भिन्नमतं जोडलेली आहेत.

दुसरी जागा शुक्रवारची दुपार, खासगी विधेयकांची. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, म्हणून लोक हसतात. पण तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक २०१५ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं आणि मग सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं. माणसाला स्वतःला काय हवंय ते तिथे दिसतं.

प्रश्नांच्या संख्येवर मात्र भाळू नका. "आमच्या खासदारांनी पाचशे प्रश्न विचारले" असे फलक लागतात. एकाच विषयावर दहा-पंधरा खासदारांच्या नावाने एकत्र आलेला, सोडतीत निघालेला अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा) प्रश्न त्यातल्या प्रत्येकाच्या खात्यात एक म्हणून पडतो. आणि डिसेंबर २००५ आठवा: पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना घरी पाठवलं होतं, त्यात महाराष्ट्रातलेही होते. त्यांचेही प्रश्न कुठल्या तरी यादीत मोजले गेले असतील.

हजेरीचंही तसंच. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावापुढे रिकामी जागा दिसते. लगेच "शून्य टक्के हजेरी" म्हणून चित्र तयार!

---

वकीलसाहेब_नव्हे

पैशांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. १९९३ च्या अविश्वास ठरावात खासदारांना पैसे दिल्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९८ चा निकाल असा की लाच घेऊन ज्यांनी मत दिलं त्यांना घटनेच्या कलम १०५ चं संरक्षण, कारण ते सभागृहातल्या मतदानाबद्दल झालं. आणि ज्याने लाच घेतल्याचा आरोप होता पण मतदानच केलं नाही, त्याला संरक्षण नाही! म्हणजे घेतलेल्या पैशाला जागलात तर सुटका. हे उलटायला ४ मार्च २०२४ उजाडला, सात न्यायमूर्तींचं पीठ.

मतविभाजनाबद्दल माझा हट्ट थोडा सोडतो. झेरॉक्स असली तरी ती हातात असणं बरं. मूळ कागद नाकारला जातो तेव्हा झेरॉक्सच कामाला येते.

---

कडूलिंब

थांबा, इतक्यात सोडू नका. रोज प्रत्येक विधेयकावर मतविभाजन घ्यायचं तर कामकाज होईल का? लोकसभेत ५४३ माणसं. अर्धी विधेयकं अशी असतात की कुणाचाच विरोध नसतो.

---

जुना_बातमीदार

विरोध नसेल तिथे कुणी मागणारही नाही. माझं म्हणणं एवढंच की एका सदस्याने मागितलं तर नाकारू नये. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेती विधेयकं आली, विरोधक मतविभाजन मागत होते, उपसभापतींनी ते जागेवर बसून मागितलं नाही असं कारण दिलं आणि आवाजी मतदान घेतलं. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित. वर्षभराने तेच कायदे मागे घेतले गेले, तेही आवाजी मतदानाने आणि चर्चेविना. आता उद्या कुणी विचारलं की राज्यसभेत शेती कायद्यांच्या बाजूने नेमके किती जण होते, तर काय दाखवणार? सरकार म्हणतं बहुमत आमचं होतं. असेलही. मग मोजायला काय हरकत होती?

बटणाचं मतदान घंटेसकट पाच-सात मिनिटांत उरकतं. तेवढा वेळ तर गोंधळात रोज जातो.

एक मात्र खरं की एकमताने मंजूर झालेल्या ठरावांत नोंद असली काय, नसली काय. फेब्रुवारी २०२४ च्या विशेष अधिवेशनात मराठा आरक्षणाचं १० टक्क्यांचं विधेयक एका दिवसात एकमताने गेलं. त्या सभागृहातल्या सगळ्यांचं या विषयावर खरंच एकच मत होतं, असं गावच्या पारावरही कुणी मानणार नाही. तिथे आमदार मतदारसंघात काय बोलतो, तेच ऐकावं लागतं.

---

दुपारचा_वाचक

सगळ्यांचे आभार. जेवढं कळलं तेवढं करून बघितलं, त्याचा अहवाल.

गृह खात्याच्या स्थायी समितीत आमचे खासदार नव्हते, म्हणजे भिन्नमतपत्रिकेचा प्रश्न नाही. महिला आरक्षणाच्या यादीत त्यांचं नाव "होय"खाली सापडलं, पण तिथे ४५४ नावं आहेत. मग बातमीदार काकांनी सांगितल्याप्रमाणे निलंबितांची यादी काढली. त्यात आहेत! १८ डिसेंबरलाच निलंबित. म्हणजे २० तारखेला ते सभागृहात नव्हतेच. लाल चित्रातलं "बाजूने" खोटं आणि हिरव्यातलं "संसदेत ठाम मतदान" पण खोटं. त्यांचं "होय" नाही आणि "नाही"ही नाही.

हे सगळं चार ओळींत, तारखांसकट, दोन्ही ग्रुपवर टाकलं. एका ग्रुपवर कुणी वाचलं नाही. दुसऱ्यावर अ‍ॅडमिनने दहा मिनिटांत काढून टाकलं, "ग्रुपवर राजकीय पोस्ट नको" म्हणून.

लाल आणि हिरवं दोन्ही अजून तिथेच आहेत.

---

चिंचोका

अ‍ॅडमिनने मतविभाजन घेतलं की आवाजी?